दीड वर्षाच्या मुलीला घेऊन दिवाळीत मुंबईहून नाशिकला आजोळी जायचंय, काय सांभाळावं?

शक्यतो रेल्वेनेच या. कसारा घाटात वळणावर पोरं हमखास ओकतात, आणि सुट्टीच्या गर्दीत तिथे गाडी अडकली की मोठ्यांचाही जीव मेटाकुटीला येतो. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी सीट घेतली नाही तर तिकीट लागत नाही. पण तिला तासन् तास मांडीवर बसवणार का? परवडत असेल तर सीट घ्याच. नाशिक रोड स्टेशन गावापासून लांब आहे, रात्री उतरणार असाल तर मामाला आधीच सांगून ठेवा.

खरी डोकेदुखी फराळाची. चिवड्यातले शेंगदाणे, डाळं आणि खोबऱ्याचे काप या वयाला घशात अडकू शकतात. पाहुणे लाडाने मूठभर हातात देतात आणि आपण नको म्हटलं की रुसतात. रुसू देत! तिच्यासाठी वाटीत बिनदाण्याचा चिवडा वेगळा काढा, बेसनाचा लाडू कुस्करून द्या.

पहाटे गारठा असतो, तेव्हा अभ्यंगस्नान ऊन वर आल्यावर उरकलं तरी चालतं. आजी कुरकुरेल, पण नातीपुढे तिचं फार चालत नाही. फटाक्यांच्या वेळी तिला आतल्या खोलीत ठेवा.

पंचवटीत काळाराम मंदिर जरूर दाखवा, अंगण ऐसपैस आहे. सीतागुंफेत मात्र तिला घेऊन शिरू नका. तिथे अरुंद वाटेने वाकून, बसून सरकावं लागतं. त्र्यंबकेश्वरची दिवाळीतली रांग पुढच्या खेपेला.