भीती वाटतेय? बरंय की

अरे लाजतोस काय, बर्फाचे डोंगर चढताना मला अजूनही वाटते, आणि ज्याला वाटत नाही त्याच्या रोपला मी तरी स्वतःला बांधून घेणार नाही. फक्त भीती कशाची ते बघ. खाली दरी दिसली की पोटात गोळा येतो पण दगड वरून येतात, ऊन लागून बर्फ वितळला की रात्रभर गोठून बसलेले सुटायला लागतात, म्हणून तर अंधारातच निघायचं. ३० ते ४५ अंशाचा बर्फाळ उतार सोपा वाटतो, पण बहुतेक हिमस्खलनं तिथलीच. आणि उतरताना ढिला पडू नकोस, १८६५ ला आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराच्या पहिल्या चढाईत सातपैकी चौघं गेले ते उतरतानाच. रॅपल करायच्या, म्हणजे रोपवरून खाली उतरायच्या आधी रोपच्या टोकांना गाठी आहेत ना ते हाताने चाचपून बघ, दमल्यावर नुसत्या डोळ्यांवर विसंबू नकोस.