आंबा शोधला, आंबोळीचं पीठ आलं

प्रश्न : वेंगुर्ल्यात आमचं कोकणी मेव्याचं दुकान आहे. भाच्याने वेबसाइट करून दिली. दीडशेक जिन्नस, सगळे एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये, शोधासाठी त्यातलीच एफटीएस ५ ही सोय. पण गिऱ्हाइकाने 'आंबा' टाकलं की 'आंबोळी पीठ' सगळ्यात वर येतं, 'काळा' टाकलं की 'कुळीथ पीठ' आणि 'कोळंबी लोणचं'. 'सोलं' टाकलं तर काहीच नाही. भाचा म्हणतो, इलॅस्टिकसर्च घेऊया, मोठा सर्व्हर लागेल. घ्यावं का?

उत्तर : नको. इलॅस्टिकसर्च उत्तमच आहे, पण ते ढिगाने मजकूर अनेक सर्व्हरांवर वाटून शोधण्यासाठी. त्याच्या पोटात ल्युसीन ही जावातली लायब्ररी, आणि रॅम भरपूर खातं. दीडशे जिनसांसाठी तो खर्च कशाला? शिवाय तुमचं दुखणं निराळंच आहे.

एफटीएस ५ प्रत्येक नोंदीचे शब्द पाडून इंडेक्स करते. शब्द कुठे तोडायचा हे टोकनायझर ठरवतो. मूळचा टोकनायझर, युनिकोड ६१, अक्षरं आणि आकडे तेवढे धरतो. युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या संगणकी मानकाच्या, हिशेबात आपले काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरं नव्हेत, 'चिन्हं'. त्यामुळे काना दिसला की हा शब्द तोडून मोकळा. 'आंबा'चे उरतात 'आ' आणि 'ब'; 'आंबोळी'चे 'आ', 'ब', 'ळ'. दोन्हीकडे 'आ'पाठोपाठ 'ब' आहे, जुळलं! त्यात क्रमवारी लावताना आखूड नोंदीला झुकतं माप मिळतं, म्हणून 'आंबोळी पीठ' वर आणि 'हापूस आंबा, पाच डझनांची पेटी' खाली. 'काळा' आणि 'कुळीथ' यांचंही तेच. 'फणस' मात्र बिनबोभाट सापडत असेल, त्याला एकही मात्रा नाही.

भाच्याला सांगा, टेबल बनवताना टोकनायझरच्या 'कॅटेगरीज'मध्ये 'एमएन' आणि 'एमसी' हे या चिन्हांचे दोन गट वाढव. टेबल नव्याने बनवून सगळ्या नोंदी पुन्हा भराव्या लागतील. जुना इंडेक्स आपोआप सुधारत नाही.

एवढं केलं की दुसरी अडचण समोर येईल, आणि ती मराठीची आहे. आता 'आंबा' टाकल्यावर 'आंब्याची पोळी' सापडणार नाही, कारण यंत्राला सामान्यरूप कळत नाही. माझ्या मते यावर साधा उपाय बरा : गिऱ्हाइकाला न दिसणारा एक रकाना ठेवा आणि त्यात प्रत्येक जिनसाची सगळी नावं घाला. आमसुलांच्या पुढे कोकम, सोलं, सोलां, शिवाय रोमन लिपीतली स्पेलिंगं, कारण मुंबईकर गिऱ्हाईक तसंच टाइप करतं. बीएम २५ या क्रमवारी लावणाऱ्या सूत्रात या रकान्याला वजन कमी द्या, जिनसाच्या नावाला जास्त. हे काम भाच्यापेक्षा तुमच्या घरातली जाणती बाई चांगलं करेल. तिरफळ आणि त्रिफळा एकत्र बांधायचे नाहीत, हे तिला सांगावं लागणार नाही.

'कैऱ्या'तला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसायला सारखाच. एका तऱ्हेत मध्ये अदृश्य जोडचिन्ह असतं आणि शब्द तिथे तुटतो. इंडेक्स करताना आणि शोधताना दोन्ही वेळा त्याला एकाच साच्यात आणा.

ज्या शोधांना शून्य उत्तरं आली ते एका टेबलात साठवत राहा आणि हंगामात ते आठवड्याला एकदा वाचा. त्यातला जो शब्द तुमच्या दुकानातल्या जिनसाचा असेल तो लगेच त्या लपलेल्या रकान्यात टाका. जो जिन्नस तुम्ही ठेवतच नाही आणि तरी पुन्हा पुन्हा मागितला जातोय, त्याचं काय करायचं ते तुम्हाला ठाऊक.