माळ्यावरची खोकी आणि खाटेला बांधलेला रिमोट

स्टुटगार्टहून एका ताईंचं पत्र आलं आहे. दिवाळीत तीन आठवडे सगळे इंदूरला, सुदामानगरला सासू-सासऱ्यांकडे यायचेत. त्या लिहितात, ‘दर खेपेला काहीतरी भारीतलं घेऊन देतो आणि पुढच्या खेपेला ते जसंच्या तसं कपाटावर दिसतं. तुम्ही तिथेच राहता. गेल्या वर्ष-दोन वर्षांत घेतलेलं असं काय आहे, जे तुमच्याकडे रोज वापरात आहे? आणि परतताना इकडच्या स्वयंपाकघरासाठी काय आणावं?’

ताई, कपाटाचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगते, आमच्याकडे या वस्तू माळ्यावर जातात. मुलगा न्यू जर्सीला असतो. मोठा जीव लावणारा आहे, आणि इकडे यायला जमत नाही त्याची भरपाई पार्सलांनी करतो. आजच्या घडीला वर तीन खोकी आहेत. एक एअर फ्रायर, खोकं न फोडलेलं. एक पाय चेपायचं यंत्र, ज्यानं ह्यांना नुसत्या गुदगुल्या झाल्या. आणि एक जमीन झाडणारा रोबो.

त्या रोबोची मला अजून दया येते. आमचं घर रामबागेतलं, जुनं. दर खोलीला लाकडी उंबरठा, चार बोटं उंच. ही यंत्रं साधारण दोन सेंटिमीटरच्या वर चढत नाहीत. तेव्हा बिचारा बैठकीतच कोंडला गेला, आणि तिथे सतरंजीच्या गोंड्यांनी त्याला धरलं की त्यानं गोंड्यांना, ते सोडवताना कळेना. आमच्याकडे झाडू-पोछा करणाऱ्या बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, ‘काकू, यालाही दिवाळीचा बोनस देणार का?’ त्याच संध्याकाळी तो माळ्यावर गेला.

पार्सलाचं आणखी एक दुखणं. ऑर्डर मुलाच्या खात्यावरून, म्हणून ओटीपी त्याच्या फोनवर. इकडे दुपारी १२ वाजता माणूस दारात उभा, तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्रीचे अडीच वाजलेले असतात. मुलाला झोपेतून उठवायचं नाही म्हणून आम्ही त्या माणसाला पाणी देतो, तो घड्याळ बघतो, आणि पार्सल आल्या पावली परत जातं. पत्त्याच्या रकान्यात आई-वडिलांचाच नंबर घाला. त्यानं अर्धी कामं मार्गी लागतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. आल्यावर पहिले दोन दिवस बाजारात जाऊच नका. सासूबाई दिवसभरात कशासाठी उठतात, कुठे वाकतात, कुठे चालताना भिंतीला हात लावतात, ते नुसतं बघत बसा. विचारू नका. विचारलंत तर ‘काही नको गं, सगळं आहे’ हे उत्तर ठरलेलं.

आमच्याकडे ते भिंतीला हात लावणं न्हाणीघरात होतं. मागच्या पावसाळ्यात ह्यांचा पाय सरकला आणि हात गेला तो गीझरच्या नळावर. नळ वाकला, माणूस वाचला. दुसऱ्या दिवशी मी स्टीलचे दोन धरायचे दांडे आणवले. यात एक मेख आहे. रबरी वाटीनं फरशीला चिकटणारे दांडे मिळतात, भोकं पाडावी लागत नाहीत म्हणून मुलांना तेच आवडतात. ते घेऊ नका. ओल्या फरशीवरची पकड कधी सुटेल याचा नेम नसतो, आणि ती सुटते ती माणसानं सगळा भार टाकल्यावरच. दांडा भिंतीत, विटेपर्यंत भोक पाडून, गुटका ठोकून स्क्रूनंच बसवायचा.

तो कुठे बसवायचा हे प्लंबरला विचारू नका. आमचा प्लंबर आला तो सरळ त्याच्या खांद्याच्या उंचीला भोकं पाडायला निघाला. तो पंचविशीचा, सहा फूट. मी ह्यांना कपड्यांनिशी कमोडवर बसवलं आणि म्हटलं, आता उठा. उठताना उजवा हात आपसूक जिथे गेला तिथे पेन्सिलीनं खूण केली. मग आंघोळीच्या स्टुलावरून उठताना दुसरी खूण. प्लंबर हसत होता, ह्यांना राग आला होता, पण दोन्ही दांडे आज दिवसातून दहा वेळा हातात येतात. तुम्ही तीन आठवडे असणार आहात, तर हे काम पहिल्याच आठवड्यात करून घ्या. मग खूण चुकली असेल तर दुरुस्त करायला तुम्ही इथेच असाल.

याच्याच जोडीला रात्रीचा दिवा. माणूस जवळ आलं की लागणारा आणि थोड्या वेळानं आपला आपण विझणारा. म्हातारी माणसं रात्री दिवा का लावत नाहीत? शेजारचा जागा होईल म्हणून. चाळीस वर्षांचा संसार अंधारात चाचपडत मोरीपर्यंत जातो तो असा. दोन दिवे घ्या, एक खाटेजवळ, एक न्हाणीघराच्या वाटेवर, आणि भिंतीत खाली, घोट्याच्या उंचीला लावा. वर लावला तर उजेड थेट डोळ्यांत जातो आणि झोप मोडते. पिवळसर उजेडाचा मागा. सेलवर चालणारा नको, सॉकेटमध्ये खोचायचा किंवा चार्ज होणारा बरा, कारण सेल संपले की ते बदलायला खाली कोण वाकणार, हा पुढचा प्रश्न.

पंख्याचं मात्र मला आधी पटलं नव्हतं. चांगला चालता पंखा काढून नवा बसवायचा म्हणजे पैशाचा माज, असं माझं मत. पण पहाटे चारला गार वाटायला लागतं, रेग्युलेटर दाराशेजारी, आणि गुडघे असे की एकदा उठलं की झोप गेलीच. आता बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारचा पंखा आहे, रिमोटवाला. आमचा जुना पंखा ७५ वॉट खात होता, हा पूर्ण वेगात ३० च्या आसपास. दिवसाला १६ तास धरले तर महिन्याला वीस-बावीस युनिट वाचतात, हे गणित ह्यांनी कॅलेंडरच्या मागे मांडून ठेवलंय. माझ्या लेखी खरी कमाई पहाटेच्या झोपेची.

बसवताना एवढं बघा: जुना रेग्युलेटर काढून तार सरळ जोडायला लावा. आमच्या इलेक्ट्रिशियननं तो तसाच ठेवला होता, तर पंखा मधेच थांबायचा आणि मधेच गुरगुरायचा. आठ दिवस आम्ही कंपनीला बोल लावत होतो, आणि दोष निघाला त्या जुन्या बटणाचा. दुसरी गोष्ट, रिमोट हरवतोच. मी परकराची एक जुनी नाडी घेतली, एक टोक रिमोटला, एक खाटेच्या पायाला. दिसायला वाईट दिसतं. मुलानं व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

व्हिडिओ कॉलवरून आठवलं. वळवाचं वादळ आलं की आमच्याकडे लाइट जाते. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालू राहतात, पण लाइट गेली त्या क्षणी राउटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा, आणि तिकडे नातवाची कविता अर्ध्यात राहायची. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, जेल रोडला कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात. जाण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते फोटो काढून न्या. बरेचसे १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. आणि फायबरची डबी वेगळी असेल तर तिलाही याच यूपीएसची वायर लागते. आम्ही फक्त राउटरला जोडली होती. राउटरचा दिवा दिमाखात चालू, इंटरनेट गायब.

बीपी मोजायचं यंत्र घेणार असाल तर दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको, आणि सासऱ्यांच्या दंडाचा घेर मोजून पट्टा घ्या. पट्टा लहान पडला तर आकडा वाढीव येतो. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात छातीच्या उंचीला ठेवून मोजायचं. पण एक विनंती, रोज सकाळी आकड्याचा फोटो मागू नका. आमच्याकडे तो प्रकार महिनाभर चालला. फोटो पाठवायचा या धास्तीनंच ह्यांचं बीपी वर जायला लागलं. आता डायरीत लिहितात, डॉक्टरांना दाखवतात.

स्वयंपाकघरात या वर्षी मी मोठं काहीच घेतलं नाही. एक चाळण घेतली. इंदूरचे पोहे तुम्हाला माहीतच आहेत, ठेल्यावर खाली पाणी उकळत असतं आणि वर पोहे वाफेवर असतात, म्हणून ते सकाळी ६ लाही मऊ आणि १० लाही मऊ. आमच्या घरात ह्यांचा नाश्ता सातला, माझा देवपूजेनंतर नऊला. तोवर पोहे वातड. म्हटलं, भैयाला जमतं ते आपल्याला का नाही? राजवाड्यामागच्या बर्तन बाजारात घरचं पातेलंच पिशवीत घालून घेऊन गेले आणि त्याच्या तोंडात बरोबर बसेल अशी स्टीलची चाळण शोधली. तळाशी दोन पेले पाणी, वर चाळण, चाळणीत पातळ फडकं, त्यात पोहे, वर झाकण, गॅस अगदी मंद. झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी पोह्यांवर गळतं. ही चाळण तुम्ही स्टुटगार्टलाही न्या. मुलं साडेसातला आणि तुम्ही साडेआठला बाहेर पडत असाल तर मायक्रोवेव्हमधले रबरी पोहे खायची पाळी येणार नाही. वरून जीरावन, आपला पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, तो तर तुम्ही किलोनं नेतच असाल.

चाळण नेण्याचा विषय निघालाच आहे तर बाकीचंही सांगते. जर्मनीत वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, त्यामुळे इथला मिक्सर तिथे चालतो. अडचण फक्त प्लगची. आपली तीन गोल पिनांची खोच तिथे बसत नाही. अर्थिंग नीट जोडलं जाईल असा अडॅप्टर घ्या. माझ्या मुलाला मात्र मी इथून मिक्सर पाठवायचा हट्ट केला होता. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. त्यानं सोबत ट्रान्सफॉर्मर घेतला, पाट्याएवढा जड. चटणी वाटायच्या आधी तो ओट्यावर उचलून ठेवण्यातच दम निघायचा. शेवटी त्यानं तिकडेच ११० व्होल्टचा भारतीय मिक्सर घेतला. अमेरिकेतल्या वाचकांनी हे ध्यानात ठेवा.

कुकर घ्यायचा तर आधी घरची शेगडी नेमकी कुठली ते पाहून या. वरून काच दिसते म्हणून ती इंडक्शन असेलच असं नाही. काचेखाली तापणारी तारही असते, त्यावर सपाट बुडाचा ॲल्युमिनियमचा कुकरही चालतो. इंडक्शनवर तो ढिम्म राहील. दुकानात जाताना फ्रिजवरचं लोहचुंबक पर्समध्ये टाका आणि बुडाला लावून पाहा. घट्ट चिकटलं तरच घ्या. नुसतं ‘स्टील आहे’ या शब्दावर विसंबू नका, चांगलं स्टीलही कित्येकदा चुंबकाला दाद देत नाही. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या. त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या दोन रिंगा आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह बरोबर घ्या. ऐन पाहुण्यांच्या दिवशी रिंग फुगते आणि तिकडे कोपऱ्यावर ती मिळत नाही. बिडाचा तवा नेलात तर काचेवर ओढू नका, उचलून ठेवत जा, नाहीतर चरे पडतात. आणि एक सांडशी. जाड हातमोजे घालून चहाचं पातेलं उचलणारी मराठी माणसं मी न्यू जर्सीत पाहिली आहेत, त्यांच्याबद्दल मी आणखी काही बोलत नाही.

कुकर रिकामा जात नाही हे मला ठाऊक आहे. सेव, जीरावन, भाजणी खुशाल भरा. साजूक तूप, पेढे आणि मावाबाटी मात्र इथेच संपवून जा. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत आणि विमानतळावर डबा कचऱ्यात जाताना बघवत नाही.

जे काही घ्याल ते तुम्ही निघायच्या निदान आठवडाभर आधी लागू करा, आणि मग त्या खोलीतून उठून जा. सासूबाईंना एकट्यांना ते वापरू द्या. त्यांनी दोनदा हाक मारली तर ठीक, रोज मारली तर ती वस्तू परत करायची वेळ अजून गेलेली नसते.

आणि रामबाग तुमच्या वाटेवर असेल तर जरा डोकावा. तो एअर फ्रायर अजून खोक्यातच आहे, मुलानं इथल्याच दुकानातून मागवलेला, म्हणजे २३० व्होल्टचा. तुमच्याकडे चालेल. अडॅप्टर तेवढा तुमचा तुम्ही घ्या.