पत्रिका उघडली आणि खातं उघडं पडलं : वाचकांचे चार प्रश्न

पुतण्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून 'लग्नपत्रिका' म्हणून फाइल आली. उघडताना फोनने परवानग्या मागितल्या, त्या दिल्या. पत्रिका काही दिसली नाही. पुतण्या म्हणतो, मी काही पाठवलंच नाही. फोन मात्र नेहमीसारखा चालतोय. काळजी करावी का? (एक वाचक, बार्शी)

हो, आणि ताबडतोब. अशी अ‍ॅप गुपचूप बसून राहण्यासाठीच बनवलेली असतात, त्यामुळे फोन नीट चालतोय यावरून काहीच कळत नाही.

फोन आधी फ्लाइट मोडवर टाका आणि वाय-फाय बंद झालंय का ते वेगळं पाहा, कारण बऱ्याच फोनमध्ये फ्लाइट मोड लावूनही ते चालू राहतं. मग सिम काढून घरातल्या साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला. त्यामुळे बँकेचे एसएमएस तुमच्याच हातात येतील, त्या अ‍ॅपच्या नजरेला पडणार नाहीत. त्या फोनवरून बँकेला फोन करून नेटबँकिंग, कार्ड आणि यूपीआय थांबवायला सांगा. बँकेचा नंबर डेबिट कार्डाच्या मागे असतो. तो गूगलवर शोधू नका, तिथे खोटे ग्राहकसेवा नंबर पेरलेले असतात. पैसे गेले असतील तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा सरकारी हेल्पलाइन नंबर लावा. चोर रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात भराभर फिरवतात. ती वाटेतच गोठवता आली तर परत मिळण्याची आशा असते, म्हणून 'उद्या बँकेत जाऊन बघू' हा विचार महागात पडतो.

आता, झालं काय? खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ते अँड्रॉइडचं अ‍ॅप असतं, मग नाव 'लग्नपत्रिका' असो, 'आरटीओ चलान' असो की 'पीएम किसान यादी'. पहिली परवानगी प्ले स्टोअरबाहेरचं अ‍ॅप बसवण्याची. दुसरी, आणि खरी घातक, एसएमएस वाचण्याची. ती मिळाली की ओटीपी तुम्ही कुणालाही न सांगता चोराकडे पोचतो. व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी कोडही एसएमएसनेच येतो, त्यामुळे तुमचं व्हॉट्सअ‍ॅप ताब्यात घेऊन तीच 'पत्रिका' तुमच्या साऱ्या गोतावळ्याला पाठवता येते. पुतण्याच्या फोनवर बहुधा हेच झालंय. खाली सांगितलेलं सगळं त्यालाही करायला लावा.

सफाईसाठी फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बहुतेक फोनमध्ये पॉवर बटण दाबून धरल्यावर 'पॉवर ऑफ' येतं, त्यावर बोट दाबून ठेवलं की सेफ मोडचा पर्याय मिळतो. या अवस्थेत बाहेरून बसवलेली अ‍ॅप चालत नाहीत. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' शोधा आणि तिथे अनोळखी नाव दिसलं तर आधी त्याचा अधिकार काढा. तो असेपर्यंत अनइन्स्टॉलचं बटण दबतच नाही. 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' आणि 'नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस' या दोन ठिकाणीही तेच पाहा. मग अ‍ॅपची पूर्ण यादी उघडून ते काढून टाका. होम स्क्रीनवर त्याचं चिन्ह नसेल, यादीत मात्र ते असतं. कधी बिननावाचं, कधी 'गूगल'सारखं नाव घेऊन. शेवटी फोन नेहमीसारखा सुरू करून प्ले स्टोअरमधल्या प्ले प्रोटेक्टने तपासणी करा. आमचा सल्ला विचाराल तर एवढ्यावर थांबू नका. फोटो आणि संपर्क दुसरीकडे उतरवून फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे फोन नव्यासारखा कोरा करा, आणि अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरून पुन्हा घ्या.

पासवर्ड आणि यूपीआय पिन बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून किंवा बँकेच्या शाखेतून. बाधित फोनवर नवा पासवर्ड टाइप केलात तर तोही चोरालाच मिळतो. बरेच जण इथेच चुकतात.

पैसे गेले असतील तर बँकेला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा फसवणुकीत बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ती ठराविक मर्यादेपुरती. 'तुम्हीच अ‍ॅप बसवलंत, म्हणजे हलगर्जी तुमची' असं बँक म्हणू शकते. पण जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचं ओझं त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकलं आहे. तक्रारीत हा मुद्दा जरूर लिहा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

कुरिअरवाला म्हणाला, 'पार्सल अडकलंय, *४०१* लावून हा नंबर डायल करा.' मी केला. काही बिघडलं का? (एक वाचक, डोंबिवली)

तो कोड चालला असेल तर तुमचे सगळे कॉल त्या माणसाच्या नंबरवर वळले आहेत. बँकेचा किंवा व्हॉट्सअ‍ॅपचा ओटीपी 'कॉल करून सांगा' असा पर्याय निवडला की तो आपोआप त्याच्याकडे जातो. हा प्रकार वाढल्यामुळेच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडने होणारं कॉल फॉरवर्डिंग थांबवायला कंपन्यांना सांगितलं. तरी गृहीत धरू नका. फोन अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'कॉल फॉरवर्डिंग' उघडा. 'नेहमी फॉरवर्ड करा' याच्यासमोर एखादा नंबर असेल तर तो काढा. जमलं नाही तर कंपनीच्या ग्राहकसेवेकडून काढून घ्या. 'फोन लागत नसेल तर' या ओळीत कंपनीचा स्वतःचा नंबर असू शकतो, त्याने घाबरू नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन आजच लावा. तो असला की ओटीपी हाती लागूनही खातं लगेच उघडत नाही.

आईच्या खात्यातून दहा-दहा हजार असे तीनदा गेले. तिच्याकडे एटीएम कार्ड नाही, स्मार्टफोन नाही, ओटीपी आला नाही. बँक म्हणते, अंगठ्याने काढलेत. अंगठा तर तिच्याच हाताला आहे! (एक वाचक, गडहिंग्लज)

आधारवरून पैसे काढण्याच्या सोयीत, म्हणजे एईपीएसमध्ये, तीन गोष्टी पुरतात: आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा. पिन लागत नाही, ओटीपीही लागत नाही. गावातल्या बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या वतीने पैसे देणाऱ्या प्रतिनिधीकडे, म्हाताऱ्या माणसांना पेन्शन मिळावी म्हणून सोय सोपी केली, आणि त्या सोपेपणाचाच फायदा चोरांनी उठवला. जमीन खरेदी-विक्रीच्या दस्तात आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा एकाच संचात असतात. अशा दस्ताची प्रत हाती लागली की त्यावरून सिलिकॉनचा अंगठा करून तो यंत्रावर टेकवला जातो. एका व्यवहाराची मर्यादा दहा हजार आहे, म्हणून पासबुकात दहा-दहा हजारांच्या नोंदी दिसतात.

पासबुक भरून घ्या, १९३० वर आणि पोलिसांत तक्रार द्या आणि बँकेकडे लेखी मागणी करा की व्यवहार कुठल्या बँक मित्राच्या यंत्रावर, कुठल्या गावात झाला ते सांगावं. व्यवहार परजिल्ह्यातला निघाला आणि आई त्या दिवशी घरीच होती, तर तुमची बाजू भक्कम होते. आधारच्या संकेतस्थळावर 'ऑथेंटिकेशन हिस्टरी' पाहा. गेल्या सहा महिन्यांत आधार कुठे, कसं वापरलं गेलं याची नोंद तिथे मिळते. तिचा कागद काढून तक्रारीला जोडा.

पुढचा धोका टाळायचा तर आईचे बायोमेट्रिक लॉक करा. 'एमआधार' अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, मग 'लॉक बायोमेट्रिक्स'. नंबर जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्रात जाऊन जोडावा लागेल, आणि तो शेजाऱ्याचा किंवा सेतूवाल्याचा न देता घरातलाच द्या. लॉक झालं की खोटा अंगठा चालत नाही. यंत्रावर ३३० क्रमांकाची त्रुटी येते.

अडचण अशी की खरा अंगठाही चालत नाही. रेशन दुकानातलं यंत्र, हयातीचा दाखला, बँक मित्राकडची पेन्शन, सगळं अडतं. अशा वेळी त्याच अ‍ॅपमधून तात्पुरतं अनलॉक करायचं. ते दहा मिनिटं टिकतं, म्हणून घरून उघडून निघू नका. रांगेत आपला नंबर जवळ आला की तिथेच उघडा. ज्या घरात हे करून द्यायला कुणी नसेल तिथे दुसरा मार्ग बरा: पेन्शनच्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवायचे, बाकीची मुदत ठेव करायची. एईपीएसने काढण्याची सोयच बंद करायची असेल तर शाखेत तसा अर्ज देऊन विचारा. लॉजवर किंवा झेरॉक्सच्या दुकानात मात्र पूर्ण आधार देऊ नका; शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड आधार' डाउनलोड करता येतं.

घरात बाळासाठी सांभाळणाऱ्या बाई येतात, म्हणून हॉलमध्ये वाय-फाय कॅमेरा लावलाय. तो बाहेरचं कुणी पाहू शकतं का? (एक वाचक, नाशिक)

पाहू शकतं, आणि बहुतेक वेळा त्यासाठी मोठं कसब लागत नाही. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातून आलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या एकामागून एक वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. म्हणून कॅमेऱ्याचा 'अ‍ॅडमिन' पासवर्ड बदलला आहे का, ते पहिल्यांदा बघा. राउटरचा पासवर्ड हा वेगळा, तोही बदला.

दुसरी शक्यता अधिक जवळची असते. बसवणाऱ्याने सोयीसाठी कॅमेरा स्वतःच्या फोनच्या अ‍ॅपमध्ये जोडलेला असतो आणि काम झाल्यावर काढायचा राहतो. तुमच्या अ‍ॅपमध्ये 'शेअर्ड युजर' पाहा. शंका असेल तर कॅमेऱ्याचं रीसेट बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि तुमच्या ईमेलवर नव्याने जोडा. कॅमेरा आधीच दुसऱ्याच्या खात्याला जोडलेला आहे असं अ‍ॅप सांगू लागलं, तर बसवणाऱ्याला समोर उभं करून त्याच्या फोनमधून काढून घ्या. राउटरमध्ये 'यूपीएनपी' आणि 'पोर्ट फॉरवर्डिंग' बंद ठेवा; या सोयी इंटरनेटवरून थेट घरातल्या उपकरणापर्यंत वाट उघडतात. क्लाउडवरून, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरमार्फत अ‍ॅपमध्ये, पाहण्यासाठी त्यांची गरज नसते. राउटरला गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय) असेल तर कॅमेरा त्यावर टाका, म्हणजे तो चोराच्या ताब्यात गेला तरी घरातल्या लॅपटॉपपर्यंत वाट सहज मिळत नाही.

आणखी एक. त्या बाईंना कॅमेरा आहे हे सांगितलंय का? नसेल तर आजच सांगा. बाळाला पाजण्याची, कपडे बदलण्याची जागा चौकटीबाहेर ठेवा आणि आवाजाचं रेकॉर्डिंग बंद करा. तुम्ही सगळे घरी असता त्या वेळात लेन्स भिंतीकडे फिरवून ठेवलीत तरी चालेल.