लेकीच्या शहरात उतरायचं कुठं?

प्रश्न : आमची मुलगी किर्गिझस्तानात, बिश्केकला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. येत्या मे महिन्यात मी आणि सौ. तिला भेटून यावं म्हणतोय. तिच्या हॉस्टेलमध्ये आईवडलांना रात्री राहू देत नाहीत. एजंटानं सांगितलेलं हॉटेल परवडत नाही, आणि स्वस्तातलं घ्यायचं तर मन धजत नाही. सौ. माळकरी आहे, शिवाय गुडघ्यांचा त्रास आहे. दोघांनाही इंग्रजी येत नाही, रशियन तर लांबच. २०२४ साली तिथं दंगल झाली होती, त्याची धास्ती अजून घरात आहे. कमी पैशात पण नीट राहायचं तर काय बघून खोली घ्यावी?
– एक वडील, अहमदपूर, जि. लातूर

उत्तर : भाऊ, तुम्ही जायचं ठरवलंत हे फार बरं केलंत. लेक तीन वर्षं तिकडं राहते आणि तिचा रस्ता, तिचं दुकान, तिची खोली यातलं काहीच आपण पाहिलेलं नसतं. फोनवर कितीही बोललं तरी मन भरत नाही. माझी मुलगी तिथंच शिकली, म्हणून हे मला ठाऊक आहे. स्वस्त खोली घ्यायला काही हरकत नाही. फक्त लोक दर आणि फोटो बघून खोली ठरवतात, तसं करू नका.

पहिल्यांदा नकाशा बघा. खोली मुलीच्या हॉस्टेलपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर पाहिजे. एजंट बहुधा शहराच्या मधोमध असलेल्या अला-तू चौकाच्या आसपासचं हॉटेल सांगतात, कारण येणारे पर्यटक तिथं उतरतात. चौक देखणा आहे, मागं बर्फाचे डोंगर दिसतात, एक संध्याकाळ जरूर जा. पण तुम्ही चौक बघायला चाललेला नाही. मुलीचा दिवस तासिका आणि प्रॅक्टिकलमध्ये जातो, आणि तिकडं बुडवलेला तास नंतर भरून द्यावा लागतो. पोरं त्याला ‘अत्राबोत्का’ म्हणतात, नि त्याच्या नावानंच वैतागतात. तेव्हा तिला रजा काढायला लावू नका. खोली जवळ असली तर ती चार-पाच वाजता कॉलेज सुटल्यावर चालत येईल, आईच्या हातचं जेवेल आणि अंधार पडायच्या आत परत जाईल. लांबच्या हॉटेलात टॅक्सीचं भाडं जाईल आणि निम्मी भेट रस्त्यातच होईल.

जागा कोणत्या प्रकारची, हे त्यानंतर. स्वस्तात साधारण चार प्रकार मिळतात. पोरांचं डॉर्मिटरीवालं, म्हणजे एका खोलीत अनेक खाटांचं, होस्टेल तुमच्यासाठी नाही. रस्त्याकडेच्या काही लॉजांवर तासाच्या हिशेबानं खोली मिळते, खाली ‘साउना’ची, म्हणजे वाफेच्या न्हाणीची, पाटी असते, तिथं सौं.ना घेऊन पाऊलही टाकू नका, दर कितीही कमी असो. मग राहतात दोन : रोजच्या भाड्यानं मिळणारा फ्लॅट आणि गेस्ट हाउस. फ्लॅटला स्वतःचं स्वयंपाकघर असतं हे खरं, पण असे बरेच फ्लॅट जुन्या सोव्हिएत काळातल्या चार-पाच मजली इमारतींत असतात आणि त्या इमारतींना लिफ्ट नसते. शिवाय मालक किल्ली हातात देऊन निघून जातो. रात्री नळ गळायला लागला तर तुम्ही कुणाला आणि कोणत्या भाषेत सांगणार? म्हणून माझा कौल गेस्ट हाउसला. कुटुंबाचं घर असतं, मध्ये अंगण, रस्त्याला लोखंडी फाटक, मालकीणबाई तिथंच राहतात. चप्पल-बूट दारात काढायचे, आत घालायला त्या सपाता देतात. सामायिक स्वयंपाकघर असेल तर आधी विचारून वापरता येतं.

मजल्याचं एक ध्यानात ठेवा. तिकडं जमिनीलगतच्या मजल्यालाच पहिला मजला म्हणतात. बुकिंगमध्ये ‘दुसरा मजला’ लिहिला असेल तर एकच जिना चढायचा असतो, आणि ‘पहिला’ म्हणजे जिनाच नाही. सौं.च्या गुडघ्यांसाठी ‘पेर्वी एताझ’, म्हणजे पहिला मजला, असं स्पष्ट मागून घ्या.

आता गरम पाण्याचं. हे मात्र नीट वाचा, कारण तुम्ही मे महिन्यात चाललाय. बिश्केकमधल्या बऱ्याच इमारतींना गरम पाणी शहराच्या औष्णिक वीज केंद्रातून येतं. तिथं तापवलेलं पाणी जाडजूड नळांतून घरोघर पोचवतात, आणि हिवाळ्यात भिंतीतल्या लोखंडी रेडिएटरमध्येही तेच फिरतं. थंडी सरली की नळांची दुरुस्ती निघते आणि भागाभागानं गरम पाणी बंद होतं, काही वेळा कितीतरी आठवडे. तिथल्या माणसांना त्याची सवय आहे, ते पातेल्यात तापवून घेतात. तुम्ही मात्र प्रवासानं दमून जाल, नळ सोडाल आणि डोंगरातलं बर्फाचं पाणी अंगावर येईल. ज्या गेस्ट हाउसला स्वतःचा विजेचा किंवा गॅसचा बॉयलर आहे त्याला ही अडचण येत नाही. फोटोत बाथरूमच्या भिंतीवर पांढरी टाकी दिसते का ते बघा आणि तरीही विचारा. मुलीला रशियनमध्ये निरोप पाठवायला सांगा : मे महिन्यात गरम पाणी तुमच्या बॉयलरचं की शहराचं? मालकीण ‘आमच्या बॉयलरचं’ असं नेमकं उत्तर देईल ती जागा घ्या. नुसतं ‘हो, हो, आहे’ आलं तर दुसरी बघा.

बाथरूममध्ये कमोड असतो, जेट नसतो. प्लॅस्टिकचा तांब्या किंवा मग पिशवीत टाका. चार्जरचं म्हणाल तर आपला दोन पिनांचा चार्जर बहुधा बसतो, तीन पिनांचा बसत नाही. एक अॅडॉप्टर लातुरातूनच घेऊन जा.

जेवणाकडं वळते, कारण सौ. माळकरी आहेत आणि खरी कसोटी इथंच आहे. गेस्ट हाउसच्या न्याहारीत गोल तंदूरची रोटी, लोणी, मुरंबा, काकडी-टोमॅटो आणि अंडी किंवा सॉसेज असतं. दुधात शिजवलेली ओटची किंवा बकव्हीटची (कुट्टूची) लापशी, म्हणजे ‘काशा’, मागितली तर करून देतात. ती माळकऱ्याला चालेल. रोटीला तिथं लिप्योश्का म्हणतात. मधोमध ठसा उमटवलेली, कडा फुगलेली, भट्टीतून काढल्यावर हाताला चटका बसेल अशी गरम. सकाळी बाजारात जाऊन तीच आणा, तिच्यासोबत येसर टाकून केलेली आमटी घ्या, पोट भरतं. मात्र रस्त्यावर तिकोनी ‘साम्सा’ दिसेल, आपल्या समोशासारखा. त्यात बहुधा मेंढीचं किंवा गाईचं मांस असतं. बटाट्याचा, भोपळ्याचाही मिळतो, पण तो बघून ओळखता येत नाही. ‘बेझ म्यासा’ म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द दोघांनीही पाठ करा. आणि तेवढ्यावरही विसंबू नका. मांसाचे तुकडे काढून टाकले की सूप मांसाशिवायचं झालं, असं समजणारे स्वयंपाकी तिथं आहेत, आणि त्यांच्या मनात काही वाईट नसतं. बाहेरचं सूप, पुलाव, लगमान (जाड शेवयांचा पदार्थ) सौं.नी घेऊच नये.

त्यापेक्षा ओश बाजारात जा. शहराच्या पश्चिमेला मोठा बाजार आहे : तांदूळ, हरभरे, जिरं, सुकामेवा, ताज्या भाज्या, आणि राजमा तर ढिगानं. तलास खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचं राजम्यावरच घर चालतं. तुम्ही शेतीतले असाल तर त्या ढिगांपुढं तुमचा पाय निघणार नाही, माझ्या यजमानांचा निघाला नव्हता. ज्वारीचं पीठ मात्र शोधत बसू नका. घरून काळं तिखट, येसर, शेंगदाण्याची चटणी आणि प्रवासापुरत्या दशम्या न्या. मुलीसाठी चटणी जास्तीची घ्या, तिच्या मैत्रिणी पहिल्याच दिवशी डबा रिकामा करतात. दुकानात पाणी घेताना ‘बेझ गाझा’ म्हणा, नाहीतर सोड्याचं पाणी हातात येतं. चहा बिनदुधाचा मिळतो. दूध वेगळं मागून घ्या.

दंगलीबद्दल विचारलंत. १३ मे २०२४ ला स्थानिक आणि परदेशी लोकांत झालेल्या एका मारामारीचा व्हिडिओ पसरला आणि १७ मेच्या रात्री परदेशी विद्यार्थी राहतात त्या हॉस्टेलांवर जमाव चालून गेला. आपल्या दूतावासानं मुलांना घराबाहेर पडू नका असं कळवलं. माझी मुलगी तोवर परत आली होती, पण तिच्या मागून गेलेली पोरं तिथंच होती, आणि आमच्या घरी त्या रात्री फोन खाली ठेवला नाही कुणी. त्या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. तरी तुम्ही जाऊ नका, असंही मी म्हणणार नाही. फाटक असलेलं, मालक आत राहत असलेलं घर घ्या, दूतावासाचा आपत्कालीन नंबर दोघांच्याही फोनमध्ये ठेवा, अंधार पडला की बाहेर फिरू नका. अंधाराचं दुसरंही कारण आहे. बिश्केकच्या फुटपाथांलगत पाण्याचे पाट वाहतात, त्यांना अरिक म्हणतात. झाडांना पाणी मिळावं म्हणून ते काढलेले आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्यावर झाकण नसतं. गुडघा दुखणाऱ्या माणसाला तिथं रात्री धोका आहे.

पत्त्यावरून गोंधळ होईल. कित्येक रस्त्यांची नावं बदललीत पण लोकांच्या तोंडी जुनीच आहेत; आपल्याकडं धाराशिवला जाणारा माणूस अजून उस्मानाबाद म्हणतो ना, तसंच. अब्द्राखमानोव रस्त्याला टॅक्सीवाला सोवेत्स्काया म्हणेल. म्हणून तोंडी पत्ता सांगू नका. ‘टू-जीआयएस’ नावाचं नकाशाचं अॅप इंटरनेटशिवायही चालतं, त्यात गेस्ट हाउस आणि मुलीचं हॉस्टेल दोन्ही खुणा करून ठेवा. टॅक्सी ‘यांडेक्स’ या अॅपवरून बोलवा. भाडं आधीच दिसतं, बोलावं लागत नाही. विमानतळावरून येतानाही तेच करा. मानस विमानतळ शहरापासून पंचवीसेक किलोमीटर आहे, आणि दारात उभे असलेले टॅक्सीवाले नवख्या माणसाला बरोबर ओळखतात.

पैसे डॉलरमध्ये न्या आणि तिथं त्यांचे सोम, म्हणजे तिथलं चलन, करून घ्या. नोटा कोऱ्या पाहिजेत. घडी फाटलेली, शिक्का मारलेली नोट कमी भावानं घेतात किंवा परत करतात. बुकिंग फुकट रद्द करता येईल असंच घ्या, कारण ते आधी व्हिसासाठी लागतं आणि व्हिसाची तारीख पुढंमागं होऊ शकते. नांदेडहून सचखंडनं दिल्ली आणि दिल्लीहून थेट विमान, हा रस्ता तुम्हाला सोयीचा पडेल.

प्रश्न : भाचीला भेटायला सासऱ्यांना घेऊन डिसेंबरात बिश्केकला जायचं आहे. त्यांना दमा आहे. हीटर असलेलं स्वस्त हॉटेल सुचवा.
– एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, डिसेंबरात त्यांना नेऊ नका. थंडीची काळजी नाही. तिकडं खोल्या इतक्या तापतात की लोक रेडिएटरवर ओला टॉवेल टाकतात, म्हणजे हवा कोरडी पडत नाही. काळजी धुराची आहे. हिवाळ्यात शहराभोवतीच्या वस्त्यांत घराघरांत कोळसा जळतो, वारा नसतो, आणि डोंगराच्या पायथ्याला धूर साचून राहतो. त्या महिन्यांत बिश्केकची हवा जगातल्या वाईटांत गणली जाते. दमेकऱ्याला चांगलं हॉटेलही त्यातून वाचवत नाही. सप्टेंबरात जा. तेव्हा हवा स्वच्छ असते, बाजारात खरबूज आणि द्राक्षं असतात, आणि मामंजी शहराजवळच्या अला-अर्चाच्या दरीत नदीकाठी बसूही शकतील.

प्रश्न : बहिणीला बिश्केकला प्रवेशासाठी सोडायला मी एकटाच जाणार आहे. ती हॉस्टेलमध्ये गेली की मी दोन रात्री डॉर्मिटरीत राहीन. चालेल ना?
– एक वाचक, बीड

उत्तर : तुला चालेल. पण पहिली रात्र बहिणीसोबत वेगळ्या खोलीत काढ. कागदपत्रं होऊन हॉस्टेलची खोली ताब्यात मिळायला वेळ लागला तर ती कुठं जाणार? डॉर्मिटरीत मुलं-मुली एकाच खोलीत असू शकतात, तेव्हा नुसती मुलांची पाहिजे तर तसं बघून घे. लॉकर असतो, कुलूप आपलं लागतं. विमान पहाटे उतरणार असेल तर आधी निरोप टाक. खोलीचा ताबा बहुतेक ठिकाणी दुपारी दोनला देतात, आणि लवकर आलास तर अर्ध्या दिवसाचं भाडं मागू शकतात. पासपोर्ट सोबत ठेव, रस्त्यात पोलीस मागतात. शांतपणे दाखव, पण पाकीट त्यांच्या हातात देऊ नकोस. तिथं पोलिसांचा नंबर १०२ आणि रुग्णवाहिकेचा १०३ आहे, बहिणीच्याही फोनमध्ये टाकून ये.