आधी त्याला चालताना बघ

प्रिय डॉक्टर,

काल रात्री पाठवलेला एक्स-रे पाहिला. 14 महिन्यांचा लॅब्रॅडॉर, वजन 38 किलो, दोन्ही खुब्यांच्या वाट्या उथळ, डावा गोळा निम्मा बाहेर. खाली तुझा प्रश्न: ‘सर, हिप रिप्लेसमेंटसाठी पाठवू का?’ फिल्म चांगली घेतली आहेस, पाय सरळ आहेत, कंबर तिरकी नाही. पण तो चालतो कसा, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस.

हिप डिस्प्लेसियात, म्हणजे खुब्याची वाटी आणि गोळा एकमेकांत नीट न बसण्याच्या या पिढीजात दोषात, फिल्म आणि दुखणं यांचा मेळ बसेलच असं नसतं. फिल्मवर भयंकर दिसणारे खुबे घेऊन रोज टेकडी चढणारी कुत्री मी पाहिली आहेत. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी असाच एक्स-रे बघून मी एका रॉटवायलरच्या घरच्यांना खुब्याचं ऑपरेशन सांगून मोकळा झालो होतो. माझ्या वरिष्ठांनी त्याचा गुडघा हातात धरला, नडगीचं हाड पुढे ओढलं, आणि ते सहज सरकलं. लिगामेंट तुटलेलं होतं. खुबे लहानपणीच बिघडले होते, पण त्यांच्याशी त्याने केव्हाच जुळवून घेतलं होतं. त्या घरच्यांना परत बोलावून चूक कबूल केली, तो दिवस मी विसरलेलो नाही. म्हणून सांगतो, खुब्याचा पेशंट आला की आधी गुडघे तपास. जर्मन शेफर्ड असेल तर मागच्या पायांची नखं बघ; वरच्या बाजूने घासून झिजली असतील तर दुखणं मणक्यात शोध.

आता वजन. तुझ्या पेशंटच्या बरगड्या हाताला लागतात का? 38 किलोवर लागत नसणार. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर पिल्लांच्या 24 जोड्या लावून प्रत्येक जोडीत एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाऊ घातलं आणि आयुष्यभर नोंदी ठेवल्या. कमी खाणाऱ्यांचे खुबे चांगले राहिले, संधिवात उशिरा आला, आणि ती जवळपास दोन वर्षं जास्त जगली. मला ठाऊक असलेलं कुठलंच औषध एवढं देत नाही. घरच्यांना हे प्रेमाने सांग. पोळीचा तुकडा, दुधाची वाटी, आजोबांच्या हातचं बिस्किट, सगळं मोजायला लाव. गुळगुळीत टाइल्सवर चटया टाकायला सांग. आणि माणसांची आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक त्याला चुकूनही देऊ नका, हे कागदावर लिहून दे.

तीन महिने वजन, वेदनाशामक आणि पोहणं किंवा पट्टा धरून संथ चालणं एवढं करून बघ. तरीही उठताना कण्हत असेल, सशासारखा दोन्ही पाय जोडून उड्या मारत असेल, तर ऑपरेशनचं बोलू. ओटीपोटाचं हाड कापून वाटी फिरवण्याची वेळ त्याच्यासाठी बहुधा टळली आहे. संधिवात सुरू व्हायच्या आत ते करावं लागतं. गोळा कापून टाकायचा आणि स्नायूंच्या आधारावर खोटा सांधा तयार होऊ द्यायचा, हे 20 किलोच्या आतल्या कुत्र्यांत छान जमतं. एवढ्या जड लॅब्रॅडॉरमध्ये तेवढी खात्री मी देणार नाही. त्यामुळे खरोखर दुखत असेल तर पूर्ण सांधा बदलणं, म्हणजे मांडीच्या हाडात धातूचा दांडा, वर धातूचा गोळा आणि नवी वाटी, हाच त्याच्यासाठी उत्तम उपाय. नीट जमलं तर कुत्रा पुन्हा धावतो.

पण आपल्याकडे हे मोजक्याच ठिकाणी होतं, खर्च मोठा आहे, आणि बिघडलं तर फार बिघडतं: सांधा निखळणं, हाड तडकणं, जंतुसंसर्ग. संसर्गाची मला सर्वांत जास्त धास्ती. कातडीवर पुरळ, कानात पू, किडलेला दात, यातलं काहीही असेल तर तारीख पुढे ढकल. गोचीड ताप तपासल्याशिवाय पाठवू नकोस. त्यात प्लेटलेट घटतात, आणि प्लेटलेट कमी असलेला कुत्रा टेबलावर नको.

मग घर. पैशांआधी हे विचार. कितव्या मजल्यावर राहतात, लिफ्ट आहे का, दिवसभर घरी कोण असतं? ऑपरेशननंतर दोन-तीन महिने त्याला छोट्या जागेत ठेवायचं, पोटाखाली टॉवेल धरून शी-शूला न्यायचं, सोफ्यावर उडी नाही, दारावरची बेल वाजली तरी धावणं नाही. वर्षाच्या लॅब्रॅडॉरला हे शिकवणं सोपं नाही, आणि ते बहुतेक वेळा घरातल्या एकाच बाईच्या अंगावर पडतं. तपासणीला नवरा एकटाच आला असेल तर तिलाही बोलावून घे, तिच्याशी बोल. दिवाळीच्या तोंडावर तर तारीख घेऊच नकोस. फटाक्याला घाबरून एकदा कुत्रा पलंगाखाली घुसला की नवा सांधा निखळायला तेवढं पुरतं.

तर आता त्याच्या घरच्यांना एक व्हिडिओ मागव. मागून आणि बाजूने, वीस-वीस पावलं, साध्या रस्त्यावर. शिवाय सकाळी झोपेतून उठतानाचा एक. तो आला की रात्री फोन कर, सोबत बसून बघू.

तुझा,
सर

ता. क. त्याच्या भावंडांपैकी कुणाचा पत्ता लागला तर त्यांचेही खुबे तपास. आणि त्याच्यापासून पिल्लं घेऊ नका, हे घरच्यांना याच भेटीत सांग.