तास नको, आठ वचनं घे

अगं, डबे, लोकल, ऑफिस यात तासभर प्रार्थना बसत नाही, म्हणून तू ती करतच नाहीस. तासाचा हट्ट सोड. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं 119वं स्तोत्र उघड. 176 वचनं पाहून घाबरू नकोस. हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने त्याचे 22 भाग पाडलेत, प्रत्येकात 8 वचनं. रोज एकच भाग. घरून निघण्याआधी वाच, त्यातलं एक वचन निवड आणि गाडीत तेच मनात घोळव. उभी असलीस तरी चालतं, डोळे मिटायलाच हवेत असंही नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन भाग उरकू नकोस. जिथे थांबलीस तिथून पुढे जा.

मोबाईलवर मात्र वाचू नकोस. जुनाट म्हण हवं तर, पण वचन संपायच्या आत व्हॉट्सअ‍ॅप वाजतं. नवा करार आणि स्तोत्रसंहितेची छोटी छापील प्रत पर्समध्ये सहज मावते.

आणि मार्थेची गोष्ट (लूकचं शुभवर्तमान, अध्याय 10) आठव: येशू घरी आला तेव्हा बहीण मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत होती आणि मार्था कामात गुंतली होती. ती ऐकून स्वतःला टोचत बसतेस, ते थांबव. प्रभूने मार्थेच्या स्वयंपाकाला नावं ठेवली नाहीत, तिच्या काळजीला आणि दगदगीला ठेवली. पोळ्या लाटतानाही स्तोत्र म्हणता येतं की! खुद्द येशूला तरी कुठे निवांतपणा होता? मार्क 1:35 मध्ये तो पहाटे एकांतात प्रार्थनेला जातो, आणि लगेच पुढच्या वचनात त्याचा शिष्य शिमोन आणि सोबती त्याच्या मागावर निघतात.

रविवारी उपासनेनंतर थांब जरा, माझ्याकडे एक जादा प्रत आहे.